पेगीचा ट्रेलर

मीटरवर सहा अँपिअर दिसत होते. बारा दिसायला हवे होते.

मी पिकअपच्या ड्रायव्हर सीटवर बसले होते. बाहेर कॉन ट्रेलरच्या निळ्या वायरीवर क्लॅम्प मीटर अडकवून वाकला होता. "परत दाब," तो ओरडला. मी डॅशबोर्डखाली नुकत्याच बसवलेल्या ब्रेक कंट्रोलरचा लिव्हर परत दाबला.

"सहाच," कॉन म्हणाला.

वर्कशॉपच्या दारात ह्यूई उभे होते. मास्क हनुवटीखाली आलेला. त्यांनी आत डोकावून विचारलं, "झालं ना? हिरवा लाइट तर लागलाय."

हिरवा लाइट खरंच लागला होता. पण त्याचा अर्थ एवढाच, की पिकअप आणि ट्रेलर यांची एकमेकांशी ओळख पटली. ट्रेलर थांबेल, असा त्याचा अर्थ नव्हता.

ही २०२१ च्या सुरुवातीची गोष्ट. आयर्लंडमधल्या डोनेगल परगण्यात, लेटरकेनी गावाबाहेर कॉनचं गॅरेज होतं. गाड्यांना टोबार बसवणं, म्हणजे ट्रेलर ओढायचा हूक बसवणं, आणि ट्रेलरचं वायरिंग करणं हे आमचं मुख्य काम. माझा नवरा हेमंत इथल्या हॉस्पिटलमध्ये अ‍ॅनेस्थेटिस्ट. त्याच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून डोनेगलला आलो. मी चाकणला ब्रेक टेस्टिंगमध्ये काम केलेलं होतं. इथे आल्यावर बराच काळ घरीच बसले. मग एकदा आमच्या गाडीला टोबार लावायला कॉनकडे गेले, त्याच्या वायरिंगमधली एक चूक दाखवली आणि पुढच्या सोमवारपासून कामाला लागले. लॉकडाउनमध्ये दुकानं बंद होती, गॅरेजं चालू होती. कामाची कमी नव्हती.

ह्यूई सत्तरीचे. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण मराठीत लिहिताना माझा हात त्यांना एकेरी लिहायला धजत नाही. ते आणि त्यांची बायको नोरा आयुष्यभर अमेरिकेत राहिले. बोस्टनच्या बाहेर नोराचा तबेला होता, ती मुलांना घोड्यावर बसायला शिकवायची. म्हातारपणी दोघं डोनेगलला परतले. येताना नोराने एक घोडी बरोबर आणली, विमानाने. पेगी तिचं नाव. घोडीमागून जहाजाने ट्रेलर आला. पांढरा, रुंद, चार चाकांचा. पिकअप मात्र त्यांनी इथेच घेतली. आणि तिथेच खरी अडचण होती.

इथल्या ट्रेलरचा ब्रेक साधा असतो. पुढची गाडी थांबू लागली की ट्रेलर मागून तिच्यावर रेलतो. त्या रेलण्याने दांड्यातला रॉड मागे सरकतो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. वीज लागत नाही, कंट्रोलर लागत नाही. अमेरिकन मोठ्या ट्रेलरचं वेगळं. त्याच्या प्रत्येक चाकाच्या ड्रममध्ये एक मॅग्नेट असतो. त्याला वीज मिळाली की तो फिरत्या ड्रमला चिकटू पाहतो, त्या ओढीने एक आर्म सरकतो आणि ब्रेक लागतो. ही वीज किती द्यायची, कधी द्यायची, हे ठरवणारी डबी म्हणजे ब्रेक कंट्रोलर. ती ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी बसवतात. चार वायरी. एक बॅटरीला, एक अर्थिंगला, एक ब्रेक लाइटच्या स्विचला आणि चौथी, निळी, मागे ट्रेलरकडे. स्वस्तातली डबी ब्रेक दाबला की ठरलेली वीज देते. बरी डबी गाडी किती जोरात मंदावतेय ते ओळखून तेवढीच देते. मी बरी मागवली होती.

इथल्या पिकअपमध्ये ही डबी नसते, कारण इथे कुणाला ती लागतच नाही. म्हणजे ह्यूईंच्या पिकअपला तो ट्रेलर जोडला, तर चारही चाकांना ब्रेक नाही. ट्रेलर म्हणूनच शेडमध्ये पडून होता. घाई कधी नव्हतीच.

घाई आता झाली होती.

आदल्या वर्षी नोराला स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. हॉस्पिटलमधून तिला नर्सिंग होममध्ये हलवलं. ते डोंगरापलीकडच्या गावात, खाली धक्क्याजवळ. लॉकडाउनमध्ये आत जायला बंदी. ह्यूई आठवड्यातून दोनदा जायचे आणि खिडकीबाहेर उभे राहायचे. काचेला हात लावायचे. नोरा कधी त्यांच्याकडे बघायची, कधी नाही.

ट्रेलरच्या कामाच्या पहिल्या दिवशी कॉनने चहा दिला तेव्हा ह्यूईंनी हे सांगितलं. अंगणात, लांब उभं राहून.

"नर्स म्हणाली, ती दिवसभर जिभेने आवाज काढते. टक्, टक्. त्यांना वाटलं, घास अडकला असेल. डॉक्टरला दाखवलं." ह्यूईंनी स्वतः तो आवाज काढून दाखवला. "मला बघता क्षणी कळलं. ती पेगीला बोलावतेय."

कॉनने आपला कप भिंतीवर ठेवला.

"मी फोनवर दाखवली तिला घोडी. व्हिडिओ कॉल. तिने तोंड फिरवलं. तिला फोन कळत नाही. पण खिडकीबाहेर लॉन आहे. मी मेट्रनला विचारलंय. ती म्हणाली, घोडी आणा."

शेजाऱ्याचा हॉर्सबॉक्स, म्हणजे घोडा न्यायचा इथला ट्रेलर, त्यांनी उसना आणून बघितला होता. तो अरुंद. पेगी त्यात जायला तयार होईना, मागच्या पायांवर उभी राहिली. जनावरांच्या लॉरीचा रॅम्प चढा, आणि म्हातारपणाने पेगीचे मागचे सांधे दुखतात. चालवत न्यायचं तर डोंगर ओलांडायचा, तो तिच्याने होणार नाही. या ट्रेलरला मात्र उंबरठ्याएवढीच पायरी होती आणि आत भरपूर जागा. यात ती वर्षानुवर्षं गेलेली. "यात ती स्वतःहून चढते," ह्यूई म्हणाले. "फक्त ब्रेकचं तेवढं बघ, मनीषा."

तेवढं बघायला मी बसले आणि मीटरवर सहा आले.

एका मॅग्नेटला साधारण तीन अँपिअर लागतात. चार चाकांचे बारा. सहा म्हणजे दोनच मॅग्नेट जागे. ते कोणते हे बघायला ट्रेलर जॅकवर घेतला. एकेक चाक हाताने फिरवायचं आणि दुसऱ्याने लिव्हर दाबायचा. डावीकडची दोन्ही चाकं खटकन थांबली. उजवीकडची दोन्ही फिरतच राहिली.

मी उजवीकडचा ड्रम उघडला. आतून लालसर भुगा खाली सांडला. मॅग्नेट गंजून फुटला होता, आतली तार तुटलेली. ब्रेक शूवरचं लायनिंग सुटून हातात आलं. दुसऱ्या चाकाचं तेच. ह्यूईंची शेड समुद्राकडे उघडी आहे. ट्रेलरची उजवी बाजू दाराकडे होती. दोन हिवाळे तिने खारा वारा खाल्ला होता.

"म्हणजे?" ह्यूईंनी विचारलं.

"कंट्रोलर बरोबर आहे. पिकअप बरोबर आहे. ट्रेलरच्या उजव्या बाजूला ब्रेक नाही."

"डावीकडे आहे ना?"

"आहे. तीच भानगड आहे."

त्यांना शब्दांत पटलं नसतं. ट्रेलरमध्ये पाण्याची पिंपं भरली, घोडीच्या वजनाच्या आसपास. ह्यूईंना वर्कशॉपमागच्या मोकळ्या रस्त्याच्या कडेला उभं केलं. मी पिकअप सायकलच्या वेगाने आणली आणि ब्रेक दाबला. ट्रेलर डावीकडे ओढला गेला, मागचा भाग रस्त्याच्या मधोमध आला. पिकअपची शेपटीही थोडी हलली. सपाट, कोरड्या रस्त्यावर, त्या वेगाला.

मी उतरले. ह्यूई टायरच्या खुणा बघत होते.

"मी याहून हळू जाईन," ते म्हणाले.

"सपाटीवर जाल. उतारावर हळू जायलाच तर ब्रेक लागतो."

तो उतार आम्ही सगळे ओळखतो. डोंगराच्या माथ्यापासून रस्ता जो सुटतो तो थेट गावात. मोठ्या रस्त्याने वळसा घातला तरी शेवटचा उतार तोच. खाली एक वळण, वळणावर शाळेची भिंत, मग पूल. शाळा तेव्हा नुकत्या परत उघडत होत्या, लहान वर्गांपासून.

ह्यूई गेल्यावर कॉनने मला ऑफिसमध्ये बोलावलं. कॉन वाईट माणूस नाही. त्याची आई त्याच वर्षी गेली होती, दुसऱ्या एका नर्सिंग होममध्ये, आणि तिला त्याने शेवटचं काचेतूनच पाहिलं होतं.

"एक ब्रेक इकडचा तिकडे लाव," तो म्हणाला. "एका अ‍ॅक्सलवर डावा-उजवा एकेक. दुसरं अ‍ॅक्सल नुसतं फिरू दे. सरळ तरी थांबेल."

"मीही तेच आधी मनात आणलं. डावा ब्रेक उजवीकडे बसत नाही. आर्म उलट्या दिशेला ओढला जातो, पकडत नाही."

"मग डावेही बंद कर. पिकअपच्या ब्रेकवर जाईल. लो गिअर टाकून."

"दोन टनांच्या वर वजन मागून ढकलणार. आणि ते वजन पाय हलवणारं आहे, पिंपं नाहीत."

"ह्यूई आयुष्यभर ट्रेलर ओढत आलाय, मनीषा. एकदाच जायचंय त्याला. एक फेरी."

"उताराला ते माहीत नाही."

कॉनने चष्मा काढला, डोळे चोळले. "पार्ट कधी येतील?"

तो खरा प्रश्न होता. उजव्या बाजूच्या ब्रेकचे दोन पूर्ण संच हवे होते. आयर्लंडमध्ये ते कुणी ठेवत नाही. मी डब्लिनपासून लिमरिकपर्यंत फोन केले. शेवटी इंग्लंडमध्ये एक दुकानदार सापडला, अमेरिकन कॅराव्हॅनचे पार्ट विकणारा. त्याने त्याच दिवशी पाठवले. पण ब्रेक्झिटमुळे त्या वर्षी जानेवारीपासून इंग्लंडहून येणाऱ्या मालाला कस्टम्स लागू झालं होतं. पार्सल डब्लिनला येऊन पडलं आणि पडूनच राहिलं. ट्रॅकिंगवर रोज एकच ओळ. मी रोज फोन करायचे. फोनवरची मुलगी नम्र होती. सिस्टीममध्ये दिसतंय, म्हणायची.

ह्यूई रोज सकाळी यायचे. गाडीतून उतरायचे नाहीत. काच खाली करून माझ्याकडे बघायचे. मी मान हलवायचे. ते काच वर करून जायचे.

मग एके दिवशी ते उतरले.

"नर्सचा फोन होता. तिचं खाणं थांबलंय. पाणी चमच्याने देतात." ते माझ्याकडे नाही, ट्रेलरकडे बघत बोलत होते. "मला आज जायचंय. सावकाश जाईन. फ्लॅशर लावून. कॉन पुढे गाडी घेऊन चालेल. चालशील ना, कॉन?"

कॉनने माझ्याकडे पाहिलं.

त्या क्षणी गॅरेजमधली सगळ्यात सोपी गोष्ट होती हो म्हणणं. मला आजही वाटतं, शंभरातल्या नव्वद वेळा तो उतार निभला असता. कदाचित त्याहून जास्त वेळा. ब्रेक टेस्टिंगमध्ये आम्ही ज्या गाड्या नापास करायचो त्यातल्या बहुतेक रस्त्यावर काही न होता चालल्याही असत्या. टेस्ट त्या गाड्यांसाठी नसते. ती उरलेल्यांसाठी असते, आणि उरलेली कोणती ते आधी कळत नाही.

"ह्यूई," मी म्हणाले, "पिकअप तुमची आहे. ट्रेलर तुमचा आहे. किल्ली बोर्डावर लटकलीय. मी तुम्हाला अडवू शकत नाही. पण मी निळी वायर काढून ठेवलीय. ती मी आज जोडणार नाही."

"घोडीची काळजी आहे तुला?"

"घोडीची, तुमची. आणि खाली शाळेपाशी जो कुणी असेल त्याची."

"मी साडेअकराला खाली पोचेन. मुलं तेव्हा वर्गातच असतात."

"कुणी तरी उशिरा येतंच."

मला वाटलं, ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बोर्डावरची किल्ली घेतली, बाहेर गेले, ट्रेलरचा दांडा पिकअपपासून सोडवला. सेफ्टी चेन काढायला कॉन पुढे झाला, तर त्यांनी त्याला हाताने मागे सारलं. मग आपली गाडी तिथेच सोडून नुसती पिकअप घेऊन ते निघून गेले.

कॉन म्हणाला, "तू बरोबर आहेस."

संध्याकाळी हेमंत घरी आला. त्या काळात तो यायचा तो थेट वर जायचा, आंघोळ, वेगळी खोली. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायचे आणि तो वरच्या. असंच आम्ही वर्षभर बोललो. मी त्याला सगळं सांगितलं.

"मी काय करायला हवं होतं?" मी विचारलं.

तो थकलेला होता. भिंतीला डोकं टेकून बसला. "मी रोज कुणाला तरी वॉर्डच्या दारातून परत पाठवतो," तो म्हणाला. "मुलाला, बायकोला. ते बरोबर असतं. बरं कधीच वाटत नाही. तू बरं वाटायची वाट बघत असशील, तर ते यायचं नाही."

नोरा दोन दिवसांनी गेली. सकाळी कॉनने येताच सांगितलं. शेवटच्या तासाला ह्यूईंना गाऊन आणि मास्क घालून आत सोडलं होतं. तेवढं झालं.

पार्सल त्याच दुपारी आलं.

खोका मी टेबलावर ठेवला. कॉन म्हणाला, "आता घाई नाही." नव्हतीच. पण दुसरं कुठलं काम हातात घ्यावंसं वाटेना. मी दोन्ही उजवे ड्रम साफ केले, नवे ब्रेक बसवले, बेअरिंगला ग्रीस भरलं. डावे उघडून पाहिले, ते ठीक होते. ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी एक छोटी बॅटरी ट्रेलरवर असते, ती मेली होती, तीही बदलली. हे कुणी सांगितलं नव्हतं. कॉनने पाहिलं आणि ट्रेलर दुसऱ्या दिवसापर्यंत जॅकवर राहू दिला.

दुसऱ्या दिवशी ह्यूई आले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. मी ट्रेलरखालून बाहेर आले. हाताला ग्रीस. तेव्हा तसंही कुणी हात मिळवत नव्हतं.

"सॉरी फॉर युअर ट्रबल," मी म्हणाले. इथे कुणी गेलं की हेच म्हणतात. आपल्याकडे शब्दच सुचत नाहीत, इथे हे चार ठरलेले तरी आहेत.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "तू केलंस ते बरोबर होतं. पण मला आभार मानायला सांगू नकोस."

"नाही सांगत."

"बसले ब्रेक?"

"बसले."

"उद्या दफन आहे. चर्चमध्ये दहाच माणसं. बाकीचे रस्त्यावर उभे राहतील. लोक म्हणतात, सगळा गाव येईल." ते थांबले. "पेगी तिथे असावी. चर्चच्या फाटकाजवळ. मला शवपेटीबरोबर राहावं लागेल. मी चालवू शकणार नाही." मग त्यांनी पिकअपची किल्ली टेबलावर ठेवली. "तू चालव."

कॉन म्हणाला, "मी चालवतो, ह्यूई."

"नको. तिने बसवलेत. तीच चालवेल."

त्यांचा आवाज कडवट नव्हता. पण मऊही नव्हता. मला त्यात एक हिशोब ऐकू आला आणि तो रास्त होता.

त्या दुपारी कॉनने आणि मी परत पिंपं भरली. आता मीटरवर बारा आले. मग गेन लावला. गेन म्हणजे कंट्रोलर किती जोर लावेल त्याची सेटिंग. ठरावीक वेगाला नुसता ट्रेलरचा ब्रेक दाबायचा. चाकं घसरली तर जोर जास्त, ट्रेलर पिकअपला ढकलतोय वाटलं तर कमी. त्या दोन्हींच्या मध्ये, चाकं अडण्याच्या जरासं अलीकडे, थांबायचं. आम्ही तो उतार पिंपांसकट दोनदा उतरलो. दोन्ही वेळा ट्रेलर सरळ आला. तरी रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही घोडी आणायला गेलो. पेगीला मी पहिल्यांदाच पाहत होते. करडी, पोट सुटलेली, पाठ खोल गेलेली. मला वाटलं होतं देखणी असेल. कॉनने दोर धरला, ट्रेलरचं दार उघडलं. तिने आत वास घेतला, पाय उचलला आणि चढली. ह्यूई म्हणाले होते तसंच, स्वतःहून. कॉन तिला बांधून बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. मी गाडीत बसून आरसे नीट करत राहिले.

चढ ठीक गेला. माथ्यावर मी थांबले. खाली गाव, धक्का, समुद्र. त्या दिवशी ऊन होतं, पण रस्ता सकाळच्या पावसाने ओला होता. मी गेन थोडा कमी केला, ओल्या रस्त्यावर चाकं लवकर घसरतात. दुसरा गिअर टाकला आणि सोडलं.

पिंपं गप्प बसतात. घोडी बसत नाही. पहिल्या ब्रेकला ती आत पुढे सरकली. ते वजन मला सीटमध्ये जाणवलं. मग ती मागे झाली, तेही जाणवलं. मी ब्रेक सोडला, परत हलका दाबला. कंट्रोलरवरचा आकडा वर चढला, खाली आला. ट्रेलर मागे होता, माझ्या अंगावर नव्हता. प्रत्येक वेळी थोडं आधी, थोडं हलकं. वळणावर शाळेची भिंत आली. त्या दिवशी शाळा बंद ठेवली होती आणि भिंतीला लागून लोक उभे होते, दोन-दोन मीटर अंतर ठेवून, काळे कोट घालून. काही लहान मुलं भिंतीवर बसली होती. मी त्यांच्यासमोरून चालत्या माणसाच्या वेगाने गेले. ट्रेलर माझ्यामागे सरळ रेषेत आला.

चर्चच्या फाटकाजवळ पेगीला उतरवलं. आम्ही प्रार्थनेभर बाहेर उभे राहिलो. आतला आवाज एका छोट्या स्पीकरवरून येत होता, अर्धा वारा खात होता.

मग शववाहिनी निघाली. पुढे अंडरटेकर चालत होता, हॅट हातात. फाटकापाशी ती थांबली. ह्यूई मागच्या गाडीतून उतरले, पेगीच्या मानेवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. पेगी रस्त्याच्या कडेचं गवत खात होती. तिने एकदाही मान वर केली नाही. शववाहिनीकडे पाहिलं नाही, ह्यूईंकडेही नाही. गवत ओलं आणि नवं होतं आणि ती ते मन लावून खात होती.

ह्यूईंनी तिला दोनदा थोपटलं आणि गाडीत जाऊन बसले. माझ्याजवळून जाताना त्यांनी हॅटच्या कडेला बोट लावलं. ते आभार होते की नुसती ओळख, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

मी योग्य वागले का, असं लोक विचारतात. वागले. नोराला तिची घोडी दिसली नाही, हेही खरं आहे. पहिल्या वाक्याने दुसरं पुसलं जात नाही आणि दुसऱ्याने पहिलं चुकीचं ठरत नाही. मी दोन्ही सांगते आणि गप्प बसते.

आता माझं स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. ट्रेलर घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी एक गोष्ट सांगते, त्यांना ऐकायची असो वा नसो. चालता ट्रेलर टिकतो, उभा ट्रेलर आतून संपतो आणि बाहेरून तसाच चकचकीत दिसतो. म्हणून काही काम नसताना ड्रम उघडून बघा. काम निघालं त्या दिवशी बघायला वेळ नसतो. त्या दिवशी फक्त निघायचं असतं.